दाट रानातली कार्बाइन: साइट आणि काडतूस यांची जोडी कशी जुळवावी

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत हेमलॉकच्या झाडांखाली माउंटन लॉरेलचं इतकं गचपण असतं, की व्हाइटटेल हरीण बहुतेक वेळा चाळीस-पन्नास यार्डांवर येईपर्यंत दिसतच नाही. दिसतं तेव्हाही पूर्ण दिसत नाही. एखादा कान हलतो, फांद्यांच्या उभ्या रेघांत पाठीची एक आडवी रेघ उमटते, आणि चार-पाच सेकंदांत ते पुन्हा झुडपाआड जातं. अशा रानात ९ पट मोठं दाखवणारा जाडजूड स्कोप आणि ३०० यार्डांवर मारा करणारं काडतूस घेऊन बसणं म्हणजे वजन वाहणं आहे. इथल्या जुन्या शिकारी घरांत आखूड नळीची लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची कार्बाइन, टिकून राहिली आहे ती केवळ आजोबांची आठवण म्हणून नव्हे. ती खांद्याला लवकर लागते, फांद्यांत अडकत नाही आणि या अंतराला पुरते.

दुकानात गेलेला नवा माणूस मात्र उलट्या क्रमाने खरेदी करतो. आधी काडतुसाची चर्चा, मग रायफल, आणि उरलेल्या पैशांत जी बसेल ती साइट, म्हणजे नेम धरायचं साधन. माझं म्हणणं असं, की आधी अंतर ठरवावं, मग आपला डोळा तपासावा, त्यावरून साइट घ्यावी आणि काडतूस सर्वांत शेवटी. शंभर यार्डांच्या आत हरीण जखमी होऊन निसटतं ते बहुधा काडतूस कमजोर होतं म्हणून नाही, तर नेम नीट दिसला नव्हता म्हणून.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे, तेव्हा हा लेख तिकडच्या रानासाठी नाही. अमेरिकेत हरणाची शिकार राज्यांच्या देखरेखीखाली, परवान्याने आणि ठरावीक हंगामात चालते. पेनसिल्व्हेनियात ते काम गेम कमिशन हे राज्याचं खातं बघतं. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. रायफलचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. २०१९ पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा, आणि ग्रामीण भागातल्या कित्येक शाळा त्या सोमवारी सरळ सुट्टी द्यायच्या.

एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. आणि परवान्याची मुदत संपली की पंचाईत. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागत नाही.

उपकरणांवर थेट परिणाम करणारे नियमही असतात. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, त्यामुळे रुगरची जुनी .४४ कार्बाइन कितीही गोंडस असली तरी इथे ती कपाटातच राहील. गोळी आदळल्यावर फुलणारीच हवी. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी कापड चहूबाजूंनी दिसलं पाहिजे. वस्ती असलेल्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत, परवानगी नसेल तर, बार काढता येत नाही. ओहायोत गळा आवळलेल्या पुंगळीची रायफल काडतुसं हरणासाठी चालत नाहीत, सरळ भिंतीची लागतात. आयोवातही याच धर्तीचे नियम आहेत. दरवर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय काडतुसावर एक डॉलरही खर्च करू नये.

पायरी पहिली: अंतर मोजा

हंगामाआधी पानं गळून गेली की आपल्या जागेवर जाऊन बसा. जिथून बार काढणार, त्याच मचाणावर किंवा लपणात. लेसर रेंजफाइंडर घ्या आणि प्रत्येक दिशेला हरीण खरंच स्वच्छ दिसू शकेल अशी सर्वांत लांबची जागा मोजा. एखाद्या बाजूला गॅस पाइपलाइनची मोकळी पट्टी असेल तर तिथे १८० यार्ड निघतील. बाकी सगळीकडे साठच्या आतबाहेर. (१ यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. इथल्या स्कोपांची क्लिकं, काडतुसांचे तक्ते, रेंजवरच्या पाट्या सगळं यार्ड-इंचातच असतं, म्हणून मीही तेच वापरतो.)

आता लक्ष्य. व्हाइटटेल अंगलटीने साधारण आपल्या चितळाइतकं. हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो तो आठ इंच व्यासाचा धरा. जेवणाची छोटी कागदी ताटली तेवढीच असते, म्हणून सराव तिच्यावरच करावा. पुढचं सगळं गणित या आठ इंचांवर चालतं. मी तर नेम आणि गोळी यांतला फरक कधीही तीन इंचांपलीकडे जाऊ देत नाही. उरलेला इंच थंडीने काकडलेल्या हातांसाठी आणि धडधडणाऱ्या छातीसाठी.

पायरी दुसरी: डोळा तपासा

उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, पुढचा मणी आणि हरीण. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. विशीत तो इतक्या झरझर आतबाहेर करतो की तिन्ही स्पष्ट असल्यासारखे वाटतात. चाळिशी ओलांडली, वाचायला चष्मा लागला, की मागची खाच पुसट होते आणि मग मणीही. ज्याला मणी कडेसकट स्पष्ट दिसत नाही त्याने उघडी साइट सोडावी. रायफल कितीही देखणी असो.

दुसरी तपासणी ॲस्टिग्मॅटिझमची, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतल्या दोषाची. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) ज्यांना गोल ठिपक्याऐवजी धूमकेतू, स्वल्पविराम किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो, त्यांच्या डोळ्यात बहुधा हा दोष असतो. दुकानातच खात्री करून घ्या. साइटमधून मोबाइलने ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत तो गोल आणि डोळ्याला फाटलेला दिसला तर दोष साइटचा नाही. ज्या चष्म्याने शिकार करणार तो घालून पुन्हा बघा, कारण बऱ्याचदा योग्य नंबरने ठिपका सुधारतो.

तिसरी गोष्ट उजेड. पेनसिल्व्हेनियात सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि हरीण नेमकं याच दोन झुंजूमुंजू वेळांत जास्त हिंडतं. दुपारी रेंजवर छान वाटलेली साइट हेमलॉकच्या सावलीत संध्याकाळी पाचला कशी दिसते, हे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. घराच्या अंगणात, रायफलवर न चढवता, नुसती साइट हातात धरून संध्याकाळी झाडीकडे पाहिलं तरी कळतं.

पायरी तिसरी: साइट निवडा

कारखान्यातून कार्बाइनवर बहुधा बकहॉर्न किंवा सेमी-बकहॉर्न साइट येते: मागे शिंगांसारखी वळलेली पट्टी आणि तिच्यात खाच, पुढे छत्रीखाली मणी. ही साइट मजबूत आहे, बिनवजनाची आहे, आणि मला ती अजिबात आवडत नाही. शिंगं हरणाचा निम्मा भाग झाकतात आणि घाईत माणूस मणी खाचेत खोल न बसवता वर ठेवतो. गोळी पाठीवरून जाते. शिवाय मण्याचं गणित बघा. मणी १/१६ इंचाचा असेल आणि डोळ्यापासून सुमारे ३० इंचांवर असेल, तर १०० यार्डांवर तो साडेसात इंच झाकतो. म्हणजे आपली अख्खी ताटली! ५० यार्डांवर पावणेचार इंच, तिथवर ठीक. ३/३२ इंचाचा मोठा मणी लवकर दिसतो, पण १०० यार्डांवर तो ११ इंच झाकून बसतो. उघड्या साइटची मर्यादा इथेच ठरते, काडतूस काहीही असो.

फार मोठी सुधारणा करायची तर पीप साइट, म्हणजे रिसीव्हरवर मागे बसणारी गोल छिद्राची साइट. विल्यम्स, स्किनर, एक्सएस अशा कंपन्या मार्लिन आणि विंचेस्टरसाठी त्या बनवतात. छिद्राकडे बघायचं नसतं, छिद्रातून बघायचं असतं. डोळा आपोआप मध्य शोधतो आणि आता फक्त मणी आणि हरीण एवढ्याच गोष्टी जुळवायच्या राहतात. बारीक छिद्र मणी आणखी स्पष्ट करतं पण उजेड खातं, म्हणून रानात आतली चकती काढून मोठं छिद्र ठेवावं. यालाच घोस्ट रिंग म्हणतात. पुढे पांढरा किंवा फायबर-ऑप्टिकचा मणी लावला की जोडी पुरी. पावसाचा थेंब छिद्रात अडकतो, तो फुंकून घालवायचा. बाकी बिघडण्यासारखं काही नाही. ज्याची नजर बरी आहे आणि ज्याचं रान ७५ यार्डांत संपतं, त्याला मी हीच सुचवीन.

रेड डॉटमध्ये तर तीनाचा एकच होतो. हरणाकडे बघा, ठिपका त्यावर आणा, चाप ओढा. दोन्ही डोळे उघडे राहतात, डोकं थोडं तिरकं बसलं तरी चालतं, आणि अंधूक उजेडात ठिपका दिसतोच. ठिपक्याचं माप एमओएमध्ये देतात. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच. २ एमओएचा ठिपका १०० यार्डांवर दोन इंच झाकतो, ४ एमओएचा चार. रानासाठी यांच्या मधलं काहीही चालेल. ६ च्या पुढे जाऊ नये. नवखा माणूस उजेड जास्त ठेवतो आणि ठिपक्याभोवती लाल धुकं तयार होतं. भोवतीचं वलय नाहीसं होईपर्यंत तो मंद करत न्यावा, आणि उजेड बदलेल तसा दिवसभर बदलत राहावा. बहुतेक छोट्या रेड डॉटना सीआर२०३२ ची बटणबॅटरी लागते. हंगामाच्या सुरुवातीला नवीन घाला आणि एक खिशात ठेवा. रेड डॉटचा खरा तोटा वेगळाच आहे: तो काही मोठं करून दाखवत नाही, त्यामुळे साठ यार्डांवरच्या झुडपात शिंगं आहेत की फांदी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच. रायफलवरच्या साइटने कधीही, कशाचीही टेहळणी करायची नाही, कारण मग नळी अनोळखी हालचालीकडे वळते, आणि ती हालचाल नारिंगी जाकिटातला माणूसही असू शकते.

उरला स्कोप. कमी पटीचा घ्या: १-४×२०, १.५-५×२० किंवा फार तर २-७×३३ (आधी पट, मग भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). रानात फिरताना तो कायम सर्वांत खालच्या पटीवर. ९ पटीवर १०० यार्डांवरचा जेमतेम १२ ते १४ फुटांचा तुकडा दिसतो. जवळचं हरीण त्यात केसाळ तपकिरी भिंत होऊन जातं आणि कुठला भाग बघतोय तेच समजत नाही. उजेडासाठी भलंमोठं भिंग लागतं हाही गैरसमज. भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. २० मिलिमीटर भागिले ४ म्हणजे ५ मिलिमीटर. मध्यमवयीन माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते, तेव्हा ५० मिलिमीटरचं भिंग डोक्यावर नाचवून काही मिळत नाही. रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) जाड डुप्लेक्स, म्हणजे कडेला जाड आणि मध्याशी बारीक होणारं, असावं, मध्यभागी मंद प्रकाशाची सोय असेल तर उत्तम. बारीक रेघा फांद्यांत हरवतात.

दुकानदार क्वचितच सांगतात अशी एक गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स: डोळा जरा हलला की नेमाची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं. मोठ्या रायफलींचे स्कोप साधारण १०० ते १५० यार्डांवर जुळवलेले असतात. शॉटगनसाठी विकले जाणारे काही स्कोप ७५ यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात, आणि आपल्या कामाला तेच जास्त योग्य. नाव शॉटगन स्कोप म्हणून कुणी उचलत नाही, त्यामुळे कधीकधी स्वस्तातही मिळतात. रिमफायर .२२ चा स्कोप मात्र नको. डोळा आणि भिंग यांत पुरेसं अंतर मिळत नाही आणि धक्क्याने भुवई फुटते. साडेतीन इंचांपेक्षा कमी आय रिलीफ (डोळा आणि भिंगातलं अंतर) असलेला स्कोप घेऊच नये.

माझी स्वतःची निवड विचाराल तर दाट रानात रेड डॉट, आणि कुठूनही १०० यार्डांपलीकडची मोकळी पट्टी दिसत असेल तर १-४ चा स्कोप. स्कोपखालून उघडी साइटही दिसावी म्हणून उंच सी-थ्रू माउंट लावतात त्याच्या मी विरोधात आहे. गाल दस्त्यावरून उठतो, आणि गाल उठला की नेम गेला.

पायरी चौथी: बसवताना

विंचेस्टर ९४ असेल तर आधी रिकामी पुंगळी कुठून बाहेर पडते ते बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या रायफली ती वरच्या बाजूने फेकतात, त्यामुळे मधोमध स्कोप बसवता येत नाही. तिथे पीप साइटच शोभते. मार्लिन ३३६ ही १९४८ पासूनची रायफल, वर सपाट आणि पुंगळी उजवीकडून फेकणारी, म्हणून तिच्यावर स्कोप सहज बसतो. मध्यंतरी मार्लिन रेमिंग्टनकडे होती. रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत २०२० मध्ये ती रुगरने विकत घेतली. जुनी मार्लिन घेत असाल तर रिसीव्हरवर पेचांची भोकं आहेत ना ते बघूनच पैसे द्या.

रेल आणि रिंगा बसवण्याआधी भोकं आणि पेच अल्कोहोलने पुसून तेल काढा. रेलच्या पेचांना निळं लॉकटाइट लावा, लाल नाही. लाल लावलंत तर पुढे तापवल्याशिवाय निघत नाही. टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापावर आवळा, बहुधा १५ ते २० इंच-पाउंड असतं. हाताच्या अंदाजाने आवळलेले पेच एक तर धक्क्याने सुटतात किंवा तुटतात. लिव्हर-ॲक्शनवर स्कोप बसला की अंगठा घोड्यापर्यंत नीट पोचत नाही. घोड्याला बाजूने जोडायचा छोटा हॅमर एक्स्टेन्शन मिळतो, तो लावल्याशिवाय रायफल भरू नका. गारठ्यात हातमोज्यातून घोडा निसटणं हा या बंदुकीचा सर्वांत खरा धोका आहे.

पायरी पाचवी: काडतूस

.३०-३० विंचेस्टर १८९५ मध्ये बाजारात आलं, आणि अजूनही या कामाला मापदंड तेच आहे. १७० ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅम) गोळी नळीतून २२०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, १०० यार्डांवर ती १८९५ वर येते आणि तिथे सुमारे १३५५ फूट-पाउंड ऊर्जा उरते. १५० ग्रेनची २३९० ने निघते. हे आकडे २४ इंची चाचणी-नळीचे. २० इंची कार्बाइनमधून थोडे कमी धरा. हरणाला दोन्हीतला फरक कळत नाही. मी १७० घेतो, कारण खांद्याच्या हाडाला लागली तरी ती आरपार जाते आणि आरपार गेली की मागावर रक्त सापडतं. रायफलला १५० जास्त आवडत असेल, म्हणजे गट (कागदावर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आवळून येत असेल, तर खुशाल १५० वापरा.

नळीच्या खालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागोमाग एक बसतात, पुढच्याच्या बुडाशी मागच्याचं टोक. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने ती पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) आदळून स्फोट होऊ शकतो. म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा गोल टोकाचीच गोळी. हॉर्नाडीच्या लेव्हरएव्होल्यूशनमध्ये टोकाला मऊ पॉलिमर असतं, म्हणून ती टोकदार असूनही चालते. १६० ग्रेनची २४०० फूट वेगाने जाते आणि लांबवर कमी खाली झुकते. पण साठ यार्डांच्या रानात तिचा फायदा कागदावरच राहतो. विंचेस्टर पॉवर-पॉइंट, रेमिंग्टन कोअर-लॉक्ट, फेडरल पॉवर-शॉक ही साधी सॉफ्ट-पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली) काडतुसं या वेगासाठीच बनलेली आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

.३५ रेमिंग्टन (१९०६) हे .३०-३० चं थोरलं भावंड: २०० ग्रेन, २०८० फूट. उत्तम आहे, पण हल्ली पेट्या मिळायला वेळ लागतो. आजोबांची रायफल या मापाची असेल तरच.

.४४ मॅग्नम मूळचं १९५५ चं पिस्तुलाचं काडतूस. कार्बाइनमधून २४० ग्रेनची गोळी १७६० फुटांवर जाते, पण १०० यार्डांवर १३८० वर उतरते. १०० यार्डांवर जुळवलेली रायफल १५० वर सहा इंच खाली मारते, म्हणजे शंभर ते सव्वाशे ही तिची हद्द. इथे दोन खाचाखोचा. पिस्तुलासाठी बनवलेली पातळ कवचाची होलो-पॉइंट (पोकळ टोकाची) गोळी कार्बाइनच्या वेगाला वरवरच फुटू शकते; जाड कवचाची सॉफ्ट-पॉइंट घ्या. दुसरं, रुगरच्या आधीच्या मार्लिन १८९४ च्या .४४ नळीत पीळ सावकाश आहे, ३८ इंचांत एक फेरा. त्यामुळे ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या तिच्यात नीट फिरत नाहीत आणि गट पसरतो. २४० वरच थांबावं. .३५७ मॅग्नम कार्बाइन मजेदार, धक्का जवळपास नाही, पण १५८ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर ७१५ फूट-पाउंडांवर येते. पन्नास-साठ यार्ड, स्थिर हरीण, त्याची बाजू समोर, त्यापलीकडे नको.

ओहायोसारख्या राज्यात असाल तर .४४ किंवा .३५० लेजंड. विंचेस्टरने लेजंड २०१९ मध्ये आणलं ते याच बाजारासाठी: १५० ग्रेन, २३२५ फूट, धक्का कमी. लिव्हर-ॲक्शनच हवी असेल तर रेमिंग्टनचं .३६० बकहॅमर (२०२३) आहे; .३०-३० च्या पुंगळीचाच गळा सरळ करून ते बनवलंय.

.३०० ब्लॅकआउटबद्दल एक सक्त सूचना. हे काडतूस .२२३ च्या मॅगझिनमध्ये तंतोतंत बसतं, आणि काही गोळ्यांसह .२२३ च्या चेंबरमध्येही शिरतं. तसं झाल्यावर चाप ओढला तर रायफल फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिनांवर ठळक रंगाच्या पट्ट्या लावा आणि दोन्हीची काडतुसं एकाच पिशवीत कधीही नेऊ नका. शिवाय आवाज कमी म्हणून सबसॉनिक (आवाजाच्या वेगापेक्षा हळू) २२० ग्रेनची काडतुसं हरणावर वापरू नयेत. त्या वेगाला बहुतेक गोळ्या फुलतच नाहीत.

जड, हळू गोळी झुडपं कापत जाते हे तुम्हाला प्रत्येक शिकारी तळावर ऐकायला मिळेल. जात नाही. बोटाएवढ्या फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते. फट शोधा किंवा बार सोडून द्या.

शिसं की तांबं? शिशाची गोळी फुटताना बारीक कण जखमेपासून बरेच लांबवर मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने अन्नदान केंद्रांना दान आलेलं हरणाचं मांस वाटू नका म्हणून सांगितलं, ते यामुळेच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं पूर्ण बंद आहे. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांब्याच्याच बाजूने आहे. .३०-३० साठी बार्न्सची १५० ग्रेनची चपट्या टोकाची तांब्याची गोळी मिळते. तांबं फुलायला वेग जास्त लागतो, म्हणून पेटीवर किंवा कंपनीच्या तक्त्यात किमान वेग बघा आणि आपल्या लांबात लांब अंतरावर तेवढा उरतोय ना ते ताडून घ्या. शिसंच वापरणार असाल तर जखमेभोवतीचं मांस हात राखून नव्हे, सढळपणे कापून टाका. हरणाच्या मांसात चरबी नसतेच म्हणा, त्यामुळे रस्सा करताना तेल आणि सुकं खोबरं थोडं जास्तच लागतं. पण तो वेगळा विषय.

काडतूस ठरलं की एकाच लॉट नंबरच्या किमान तीन पेट्या एकदम घ्या. एक जुळवायला, एक सरावाला, एक हंगामांसाठी. कंपनी किंवा ग्रेन बदलले तर जुळवणी पहिल्यापासून.

पायरी सहावी: झिरो करणं (नेम आणि गोळी एका जागी आणणं)

कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, मागे मातीचा बांध. सुरुवात २५ यार्डांवर. रायफलचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर ठेवा. नळी टेकवू नका, त्याने गोळी वर जाते. तीन गोळ्या, मग त्यांचा मध्य बघून जुळवणी. पाव एमओएची एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, पण २५ यार्डांवर फक्त १/१६ इंच. गोळी दोन इंच डावीकडे असेल तर ३२ क्लिका उजवीकडे. हे न कळल्याने लोक रेंजवर निम्मी पेटी संपवतात.

पीप किंवा उघड्या साइटला क्लिका नसतील तर सूत्र सोपं आहे: चूक गुणिले पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. ५० यार्डांवर (१८०० इंच) तीन इंच चूक आणि साइटमध्ये २४ इंच असतील तर ३×२४÷१८००, म्हणजे ०.०४ इंच सरकवायचं. मागची साइट जिकडे गोळी न्यायची तिकडे, पुढची त्याच्या उलट. गोळी खाली लागत असेल आणि मागची साइट पूर्ण वर गेली असेल, तर कमी उंचीचा मणी घ्यावा लागतो.

.३०-३० आणि स्कोप असेल तर २५ यार्डांवर नेमकं मध्यभागी आणलं की १०० वर गोळी साधारण दीड इंच वर लागते. ही फार सोयीची जुळणी आहे. दीडशेच्या आतबाहेर कुठेही हरणाच्या मध्यावर ठिपका ठेवा, तीन इंचांच्या पट्ट्यात गोळी राहते. पण हे गणित साइट नळीपासून दीड इंच वर धरून केलेलं आहे, म्हणून १०० यार्डांवर खऱ्या गोळ्या मारून खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवू नका. .४४ ला मात्र सरळ १०० यार्डांवर शून्य करा. ५० वर ती इंचभर वर राहील, आणि तेवढं पोटात घालता येतं.

तीन गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. लिव्हर-ॲक्शनची नळी पट्ट्यांनी लाकडाला आणि खालच्या नळकांड्याला बांधलेली असते. तापली की गोळ्या उभ्या रेषेत सरकत जातात आणि माणूस साइटला दोष देतो. रानात पहिला बार गार नळीतूनच निघणार आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गार नळीची एकच गोळी मारा आणि ती कुठे लागली ते डायरीत लिहा. १०० यार्डांवर तीन इंचांचा गट या रायफलीला भरपूर झाला. त्याखाली जाण्यासाठी धडपडू नये, तो वेळ पुढच्या गोष्टीला द्यावा.

पायरी सातवी: आपली हद्द शोधा

बाक सोडा. शिकारीचंच जाड जाकीट आणि हातमोजे घाला, बसून, गुडघ्यावर आणि उभं राहून ताटलीवर पाच-पाच गोळ्या मारा. २५ यार्ड, मग ५०, ७५, १००. ज्या अंतरावर पाचही ताटलीत बसतात ती त्या बैठकीची हद्द. उभ्याने ती ५० निघाली तर ५० हीच, मग पेटीवर काहीही छापलेलं असो. घरी रिकाम्या रायफलने (दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून) खांद्याला लावायचा सराव करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. ठिपका किंवा मणी समोर नसेल तर दस्त्याची लांबी किंवा साइटची उंची चुकली आहे. जाड जाकिटाने दस्ता लांब होतो हे इथेच लक्षात येतं.

नव्या लिव्हर-ॲक्शनला आडवं सेफ्टी बटणही असतं. ते दाबलेलं असेल तर घोडा पडतो आणि बार उडत नाही. सरावात ते हाताळायची सवय करा, नाहीतर हंगामातला एकमेव चांगला क्षण नुसत्या टक आवाजात जाईल.

रानात गेल्यावर रायफल गाडीतून किंवा तंबूतून बाहेर काढली की बाहेरच राहू द्या. थंडीतून उबेत आणली की भिंगावर धुकं चढतं. स्कोपवरच्या झाकणाची दोरी सोडवायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजा. मी लपणात बसलो की झाकण काढूनच ठेवतो आणि पाऊस असेल तर नळीचं तोंड खाली. मचाणावर चढताना रायफल रिकामी, वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायची, मगच भरायची.

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, छातीच्या खालच्या एक तृतीयांशात नेम. तिरकं, पलीकडे तोंड करून असेल तर पलीकडचा खांदा मनात धरा आणि गोळी त्याच्या दिशेने जाईल अशी आत घाला. थेट समोरासमोर किंवा पाठमोरं असेल तर थांबा. बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चेंबरमध्ये घ्या, हरीण शेवटी कुठे दिसलं ते एखाद्या झाडाच्या खुणेने पक्कं करा आणि जागचे हलू नका. समोर कोसळलेलं दिसत नसेल तर अर्धा तास थांबून मगच उठा. पहिल्यांदा ते उभं होतं तिथे जा, केस आणि रक्त शोधा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, फार लांब जाणार नाही. गडद रक्तात हिरवट घाण आणि वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. मग काही तास तसंच सोडून द्यावं लागतं, नाहीतर ते उठून अर्धा मैल लॉरेलमध्ये घुसतं. प्रत्येक रक्ताच्या ठिपक्यावर नारिंगी फीत बांधत जा, आणि काम झालं की परत येताना त्या सोडून खिशात घाला.